बांधावरून : मनाचा सल्ला फोनवरून घ्यावा, पण पारखून



सोयाबीनची मळणी उरकली, रब्बीच्या पाळ्या सुरू झाल्या. या दिवसांत या सदराकडे येणारी पत्रे बहुधा हरभऱ्याच्या वाणाविषयी, नाहीतर खताच्या मात्रेविषयी असतात. या वेळी त्यांत एक निराळे पत्र आले. लिहिणाऱ्याने नाव-गाव घातलेले नाही, आणि ते योग्यच केले. मजकूर थोडक्यात असा :

"मी सव्वीस वर्षांचा आहे. घरची पाच एकर कोरडवाहू जमीन, दोन गाई, डेअरीला दूध घालतो. यंदा लग्न उरकायचेच, असा घरचा आग्रह आहे. मला मुलींविषयी ओढ वाटत नाही, पुरुषांविषयी वाटते. हे दहावीत असल्यापासून ठाऊक आहे, पण आजवर कुणाजवळ बोललो नाही. रात्री झोप लागत नाही, कामात चित्त नाही. फोनवर ऑनलाइन समुपदेशक शोधले, तर ते तासाला हजार-बाराशे मागतात. एकजण तीस हजारांत 'पूर्ण बरे' करण्याची हमी देतो. आमच्यासारख्याला हे परवडेल का? आणि करावे तरी का?"

मी शेतीचा माणूस, डॉक्टर नव्हे. परंतु बियाणे असो की सल्ला, विकत घेण्यापूर्वी तो कसा पारखावा हे सांगणे माझ्या नोकरीचेच काम आहे. म्हणून या विषयाची जी खात्रीची माहिती आहे, ती येथे मांडतो.

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या साप्ताहिकात असला विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण पत्र लिहिणारा कुटुंबातलाच आहे. आभाळातून पडलेला नाही. शिवाय मराठीत हा विषय नवा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि त्यात वाचकांच्या असल्याच प्रश्नांना उत्तरे दिली. त्यावरून खटला भरला गेला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांची बाजू कोर्टात मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. आपल्या वडीलधाऱ्यांनी ज्या प्रश्नाला तोंड दिले, त्याच्यापुढे आपण तोंड का फिरवावे?

हा रोग आहे काय?

नाही. पुरुषाला पुरुषाविषयी किंवा स्त्रीला स्त्रीविषयी ओढ वाटणे हा रोग नव्हे. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ साली तो आपल्या रोगांच्या यादीतून काढला. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० साली तेच केले. आपल्या देशातील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने, म्हणजे इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीने, २०१८ मध्ये हेच जाहीरपणे सांगितले. इंग्रजांच्या अमदानीत १८६० साली झालेल्या दंडसंहितेचे कलम ३७७ अशा संबंधांना गुन्हा ठरवीत होते. दोन सज्ञान माणसांच्या राजीखुशीच्या संबंधांपुरते ते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द केले. अशा जोडप्याच्या लग्नाला मात्र कायद्याची मान्यता नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने तो प्रश्न संसदेवर सोडला. तात्पर्य, हा रोग नाही आणि गुन्हाही नाही.

मग सल्ल्याची गरज कशाला? शेतातलाच दाखला घेऊ. जमीन काळी असणे हा काही रोग नव्हे. तिला मुरमाड करण्याचा खटाटोप कोणी शहाणा करीत नाही. पण त्याच काळ्या जमिनीत पाणी साचून मुळ्या कुजू लागल्या, तर चर काढावा लागतो. या तरुणाचा स्वभाव ही त्याची जमीन आहे. वर्षानुवर्षे मनात दाबलेले भय, एकटेपण, घरच्यांना फसवीत असल्याची बोचणी, हे साचलेले पाणी आहे. झोप उडणे आणि कामात चित्त नसणे ही त्याचीच लक्षणे होत. समुपदेशकाचे काम चर काढण्याचे आहे, जमीन बदलण्याचे नव्हे. एवढी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली, म्हणजे पुढचे सारे सोपे जाते.

हमी देणाऱ्यापासून सावध

तीस हजारांत 'पूर्ण बरे' करणारा जो कोणी आहे, त्याला एक रुपयाही देऊ नये. नसलेला रोग बरा करण्याची हमी देणे म्हणजे वांझ बियाणे विकण्यासारखेच आहे. असल्या उपचारांत औषधे, विजेचे झटके, संमोहन, काहीही खपविले जाते. त्याने ओढ बदलत नाही. माणूस मात्र खचतो.

२०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयापुढे असेच एक प्रकरण आले. दोन तरुणी एकत्र राहण्यासाठी मदुराईहून चेन्नईला आल्या होत्या आणि दोघींचे आई-वडील त्यांच्या शोधात होते. न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी त्या मुलींना आणि पालकांनाही समुपदेशकाकडे पाठविले. एवढेच नव्हे, तर आपल्यालाच हा विषय पुरता उमगलेला नाही असे सांगून ते स्वतः एका मानसशास्त्रज्ञ बाईंपुढे समजून घ्यायला बसले. मग ७ जून २०२१ रोजी त्यांनी आदेश दिला, की ओढ बदलण्याचे तथाकथित उपचार बंद झाले पाहिजेत. त्याच प्रकरणातून पुढे २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असा उपचार हा डॉक्टरचा व्यावसायिक गैरवर्तनाचा गुन्हा ठरविला. कोणी नोंदणीकृत डॉक्टर असे करीत असेल, तर महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे त्याची तक्रार करता येते.

भगत, देवऋषी यांच्याविषयीही तेच. अंगात काही शिरले आहे म्हणून मारहाण करणे, कोंडून ठेवणे, धुरी देणे हा आपल्या राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. देवावर श्रद्धा जरूर असावी. पण देवानेच जसा घडविला तसा मुलगा बदलून दे, असा नवस करू नये.

सल्ला देणारे कोण कोण?

या क्षेत्रात तीन प्रकारची माणसे भेटतात. त्यांतला फरक ओळखावा.

पहिला मनोविकारतज्ज्ञ. हा वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतो, औषधे लिहून देऊ शकतो. २५ मार्च २०२० च्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे नोंदणीकृत डॉक्टरला फोनवरून किंवा व्हिडिओवरून रुग्ण तपासता येतो. मात्र त्याने आपला नोंदणी क्रमांक द्यावा लागतो. झोपच उडाली असेल, जेवण जात नसेल, तर याला भेटावे. झोपेच्या गोळ्या दुकानातून आपल्या मनाने आणू नयेत.

दुसरा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ. हा औषधे देत नाही, बोलण्यातून उपचार करतो. याची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते.

तिसरा समुपदेशक. यांत उत्तम शिकलेले लोक आहेत, तसेच चार दिवसांचा वर्ग करून पाटी लावणारेही आहेत. म्हणून शिक्षण कोठे झाले, किती वर्षे काम केले, हे विचारून घ्यावे. विचारण्यात संकोच कसला? बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल आपण वाचतोच की!

समलिंगी व्यक्तींबरोबर कसे काम करावे याचे खास शिक्षण घेतलेले समुपदेशकही आता मिळतात. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने असा अभ्यासक्रमच चालविला आहे. ऑनलाइनचा खरा फायदा येथे आहे. तालुक्याच्या गावी असा माणूस मिळणे अवघड; मिळाला तरी तो मामाच्या ओळखीचा निघायचा. फोनवर मात्र पुण्या-मुंबईचा माणूस बांधावर बसल्या बसल्या मराठीत बोलतो.

खर्चाचा हिशेब

आधी जे फुकट आहे त्याचा लाभ घ्यावा.

केंद्र सरकारची 'टेली-मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. चोवीस तास, बाराही महिने चालते, मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. प्रथम प्रशिक्षित समुपदेशक बोलतो; गरज पडल्यास तो पुढे तज्ज्ञाशी जोडून देतो. आपले सारे गुपित पहिल्याच वाक्यात सांगण्याची सक्ती नाही. "झोप लागत नाही, लग्नाचा ताण आहे," एवढ्यावर सुरुवात केली तरी चालते. समोरच्याचा सूर समजूतदार वाटला, तर पुढचे सांगावे. नाही वाटला, तर फोन ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा करावा. दुसरे कोणी बोलायला मिळेल.

मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही सेवा २०१२ पासून आहे. तेथेही फोनवर मोफत समुपदेशन मिळते. ज्याला तोंडाने बोलणे जड जाते, त्याला ईमेलने लिहूनही विचारता येते. समोरासमोर भेटायचे असेल, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. बाजाराच्या दिवशी जिल्ह्याला गेलेला माणूस तेथे केसपेपर काढून डॉक्टरला भेटून येऊ शकतो.

एवढ्याने भागले नाही, नियमितपणे एकाच माणसाशी बोलावेसे वाटले, तर मग खासगी समुपदेशक. बैठक बहुधा पाऊण ते एक तासाची, आठवड्यातून एकदा. एका पाण्यात पीक हाती येत नाही, तसे एका बैठकीत मन मोकळे होत नाही. आठ बैठका धरू. बैठकीला हजार रुपये धरले, तर आठ हजार होतात. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५३२८ रुपये. म्हणजे तो भाव हाती पडला तर दीड क्विंटल सोयाबीन झाले. पाच एकरवाल्याला ही रक्कम थोडी नाही, पण आवाक्याबाहेरचीही नाही. ती कमी करण्याचेही मार्ग आहेत. अनेक समुपदेशक ऐपत पाहून फी कमी करतात, पण ते विचारल्याशिवाय सांगत नाहीत. "मी शेतकरी आहे, महिन्याला एवढेच देऊ शकतो," असे पहिल्याच संदेशात स्पष्ट लिहावे. दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी बैठक ठेवावी. दहा-वीस बैठकांचे पैसे आगाऊ मागणाऱ्याला नकार द्यावा. एक बैठक करून पाहावी, मग पुढचे ठरवावे. कर्ज काढून किंवा जनावर विकून मात्र हे करू नये. पैशाची नवी चिंता जुन्या चिंतेवर घालण्यात शहाणपण नाही.

पहिल्या बैठकीत विचारायचे प्रश्न

१. तुमचे शिक्षण काय आणि नोंदणी कोठे आहे?

२. समलिंगी असणे हा आजार आहे असे तुम्ही मानता काय? याचे उत्तर स्वच्छ 'नाही' असेच यायला हवे. "तसे नाही, पण लग्न केले की हळूहळू सवय होते," असे कोणी म्हणाला, तर तेथेच थांबावे.

३. आपले बोलणे कोणाला कळेल? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिला आहे, आणि लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करण्यास मनाई केली आहे. जिवाला धोका असेल तर मात्र ते इतरांना कळवू शकतात. हे आधीच समजून घ्यावे.

४. आपण किती दिवसांत काय साधायचे? "तुम्हाला बदलू" हे उत्तर नको. "झोप, कामातले लक्ष, घरी काय आणि केव्हा सांगायचे याचा निर्णय," असे काही उत्तर आले, तर माणूस कामाचा आहे.

तीन-चार बैठकांनंतरही मन हलके होत नसेल, तर समुपदेशक बदलावा. त्यात आपलाही दोष नाही आणि त्याचाही नाही.

एकांत कोठून आणावा?

खेड्यातल्या घरात भिंतीला कान असतात. एका फोनवर चौघांचे हात असतात. म्हणून थोडी काळजी घ्यावी. बोलण्याची वेळ रानात असतानाची ठरवावी. मोटारीच्या खोलीजवळ नाहीतर बांधावर, जेथे रेंज मिळते तेथे. कानाला इअरफोन लावावा, म्हणजे समोरच्याचा आवाज बाहेर जात नाही. रेंज अपुरी असेल तर व्हिडिओचा हट्ट धरू नये, नुसत्या आवाजावर काम भागते. फोनला कुलूपशब्द ठेवावा. केलेल्या फोनची नोंद पुसावी. पैसे भरल्याचा संदेश घरच्या सामाईक क्रमांकावर जात नाही ना, हे पाहावे. आपला फोटो किंवा आधार कार्ड कोणा अनोळखी माणसाला पाठवू नये. असल्या गोष्टींवरून धमकावून पैसे उकळणारे भामटेही फोनवर फिरत असतात. तसे झाले तर पैसे न देता १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर कळवावे.

मुलींचे तर याहून कठीण. आपल्याकडे पुष्कळ मुलींच्या हाती स्वतःचा फोन नसतो, आणि लग्नाची घाई मुलापेक्षा आधी होते. अशा मुलीने मैत्रिणीच्या फोनवरून किंवा कॉलेजात असताना १४४१६ लावावा. आपण काही वाईट केलेले नाही, एवढे कोणी सांगितले तरी निम्मा भार उतरतो.

फवारणीचे औषध कुलपात

आता माझ्या खात्याची गोष्ट, आणि ती प्रत्येक घराने ऐकावी. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची औषधे असतात. मन फार खचलेले असते त्या घडीला ती हाताशी असणे घातक आहे. उरलेले औषध घरात न ठेवता शेतावरच्या पेटीत कुलपात ठेवावे आणि किल्ली एका जबाबदार माणसाकडे द्यावी. ज्याच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील, त्याने ऑनलाइन बैठकीची वाट पाहू नये. त्याच क्षणी १४४१६ लावावा, विश्वासाच्या माणसाजवळ जाऊन बसावे, एकटे राहू नये. काही घडलेच, तर १०८ ला फोन करून थेट रुग्णालय गाठावे. घरगुती उपायांत वेळ दवडू नये. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नये. अशा वेळी माणूस तीव्र ताणाखाली होता असेच मानावे आणि त्याला शिक्षा न करता उपचार द्यावेत, असे २०१७ चा कायदा सांगतो.

आई-वडिलांनो, दोन शब्द तुमच्यासाठी

लग्न हे यावर औषध नाही. मुलाला बोहल्यावर चढविले की सारे ठीक होईल, असे तुम्हाला वाटेल. पण त्यात एका परक्या घरच्या लेकीचेही आयुष्य होरपळते. तिचा काय अपराध? आपल्या मुलीला असे स्थळ मिळाले असते तर आपल्याला कसे वाटले असते, याचा विचार करावा.

हे तुमच्या वाढविण्यातले वैगुण्य नव्हे. लाड जास्त झाले म्हणून, शहरात शिकायला ठेवला म्हणून असे होते, हे खरे नाही. तुमच्या मनातली चिंता मात्र खरी आहे. म्हातारपणी कोण पाहील, जमीन कोण कसेल, लोक काय म्हणतील? तर आज दोन्ही वेळेला धार कोण काढतो? पाच एकर कोण कसतो? हाच मुलगा ना? त्याच्या मनासारखे राहू दिले, तर तो शेतीही करील आणि तुमचेही पाहील. तुम्हालाही कोणाजवळ बोलावेसे वाटले, तर १४४१६ तुमच्यासाठीही आहे. एवढा मोठा न्यायाधीश समजून घ्यायला बसला. आपल्यालाच कमीपणा कशाचा?

या तरुणाला अखेरचा सल्ला

घरी सांगण्याची घाई करू नये. राहणे-खाणे घरावर, सातबारा वडिलांच्या नावे, अशा स्थितीत आधी घरातली हवा पाहावी. सांगायचे तर प्रथम एकालाच सांगावे. बहीण असेल, मावशी असेल, जिवलग मित्र असेल. स्थळांच्या बाबतीत मात्र आताच ठाम राहावे. "यंदा हात आखडता आहे, मला अजून वेळ हवा," एवढे सांगून मुलगी पाहायला जाणे थांबवावे. सुपारी फुटल्यावर नकार देणे सर्वांनाच जड जाते.

वाचायला हवे असेल, तर पुण्याच्या बिंदुमाधव खिरे यांनी या विषयावर सोप्या मराठीत पुस्तके लिहिली आहेत. 'इंद्रधनू' हे त्यांपैकी एक.

आणि आठ हजारांचा विचार नंतर करावा. आज तिन्हीसांजेला धार काढून झाली, की बांधावर जाऊन तो फुकटचा फोन तेवढा लावावा.

असो. पुढील अंकी हरभऱ्याची बीजप्रक्रिया आणि मर रोगाचा बंदोबस्त यांविषयी.